ऐरण आणि चौदा-पंधराचा पाना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास आणि मी दोन्हींना नुसतं 'बघू' म्हणालो. गावाकडची भट्टीची पडवी पाडायची तर ऐरणीचं काय करायचं, भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे, ही एक. माझ्या काळ्या ट्रंकेत मेडलांच्या खाली कापडात गुंडाळलेला जुना पाना सापडला, तो कशाला जपलाय, ही दुसरी. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून सकाळपासून लिहायला बसलोय.

ऐरण देऊ नकोस. आधी एवढं वाच, मग बाकीचं.

तुझ्या आजोबांना तू पाहिलंस ते बाजेवर, खोकताना. मी आबांना पाहिलं ते भट्टीपुढे. माझी आई भाता ओढायची आणि आबा घण घालायचे. अख्ख्या गावाचे फाळ, कुळवाच्या पाशी, विळे, कुऱ्हाडी आमच्या दारात यायच्या. बदल्यात सुगीला खळ्यावरून बलुतं मिळायचं. कुणी पायलीभर जास्त घालायचं, कुणी पाखडलेलं. आबांनी कधी वाद घातला नाही, पण कुणाच्या खळ्यावर काय मिळालं ते त्यांच्या पक्कं लक्षात असायचं.

उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकांना धावा बसवायचं काम निघे. ते मी अजून डोळे मिटून सांगू शकतो. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा जराशी कमीच ठेवायची. गोवऱ्यांच्या आरात ती लाल झाली की फुगते. मग तिघांनी सांडशींनी उचलून चाकावर टाकायची, लाकूड पेट घ्यायच्या आत ठोकून बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या. वाफेत काही दिसत नसे. आबा कान लावून उभे राहायचे. धाव आवळत आली की आरे तुंब्यात कच्चकन बसल्याचा आवाज यायचा, तो ऐकल्यावरच ते पुढचं चाक घ्यायला सांगायचे. हे कानाचं शिक्षण मला पुढे फार उपयोगी पडलं.

आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेचं वेड पहिल्यापासूनच. अपशिंग्यातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. आमच्या गावातली पोरंही भरतीला जायची, पण ती मराठ्यांची. लोहाराच्या पोराने फौजेत जाऊन काय करायचं, असं मला तोंडावर विचारणारे होते. १९६८ साली मी साताऱ्याला भरतीत उभा राहिलो, तेव्हा हाताचे घट्टे बघून तिथल्या हवालदारांनी काय काम करतोस विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, तुझ्यासाठी ईएमई आहे.

ईएमई म्हणजे फौजेची दुरुस्तीची कोर, १९४३ साली उभी राहिलेली. 'कर्म ही धर्म' हे तिचं ब्रीद. सिकंदराबादच्या सेंटरला पहिल्या आठवड्यात हातात कानस दिली आणि लोखंडाचा ओबडधोबड तुकडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, घासून आणायला लावला. शहरातून आलेल्या पोरांच्या हाताला फोड आले. मी पहिल्यांदाच कुठल्यातरी बाबतीत सगळ्यांच्या पुढे होतो. त्या रात्री आबांना पत्र लिहिलं. ते त्यांनी मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं, असं आईने मागाहून सांगितलं.

तिथे मी क्राफ्ट्समन झालो, व्हेइकल मेकॅनिक. रणगाडे वेगळ्या लोकांकडे. माझ्याकडे ट्रक, म्हणजे मुख्यतः शक्तिमान आणि निस्सान. आणि माझ्या बाकावरचा जोडीदार होता वेल्लोरकडचा एक तमिळ. त्याचं हिंदी कच्चं, माझंही. आमचं बोलणं निम्मं पान्यांच्या नंबरांत व्हायचं. त्याने स्वतःच्या पैशांनी एक चौदा-पंधराचा पाना घेतला होता आणि त्याचं एक तोंड घासून पातळ केलं होतं, डिझेलच्या पाइपांमधल्या अडचणीच्या जागी जावं म्हणून. सरकारी पान्याला असं काही करता येत नाही, हिशेब द्यावा लागतो. ट्रंकेत तुला सापडला तो हाच.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पठाणकोटवर बॉम्ब पडले तेव्हा आम्ही जम्मूकडे सांब्याच्या बाजूला होतो. दोन दिवसांनी आमचं सैन्य पाकिस्तानातल्या शकरगढच्या भागात घुसलं आणि वर्कशॉप मागोमाग हलत राहिली. तू लहानपणी विचारायचास, अण्णा, तुम्ही कितीजणांना मारलं. मी विषय बदलायचो. रायफल माझ्याजवळ होती आणि खंदकही रोज खणायचो, पण त्या चौदा दिवसांत मी मुख्यतः गाड्यांच्या खाली पाठीवर पडलेला होतो. माझ्यापाशी अडलेली गाडी म्हणजे पुढे न पोचलेले गोळे, न पोचलेलं पेट्रोल. आपले सेंचुरियन रणगाडे पेट्रोलवर चालायचे आणि ते बेसुमार प्यायचे. पिंपं भरलेला ट्रक रस्त्यात बसला की पुढे रणगाडा बसला.

सुटे भाग वेळेवर यायचे नाहीत. मग सुरुंगावर गेलेल्या, कामातून गेलेल्या गाडीचा वॉटर पंप, दुसरीचे स्प्रिंगपाटे, तिसरीचा सेल्फ, असं उतरवून चालती गाडी उभी करायची. पहिल्या वेळेला त्या फुटलेल्या केबिनमध्ये शिरताना पाय थरथरला. ड्रायव्हरचं जेवणाचं मग तिथेच होतं. मी ते बाहेर काढून बॉनेटवर ठेवलं आणि मग काम सुरू केलं. आबाही मोडका फाळ कधी टाकत नसत, त्याचा विळा करायचे. पण फाळात कुणी बसलेलं नसतं.

१५ डिसेंबरची रात्र. बसंतर नाल्यापलीकडे आपलं पायदळ पोचलं होतं, सुरुंगांतून वाट अजून पूर्ण साफ व्हायची होती, आणि पलीकडे शत्रूचे रणगाडे जमल्याची खबर होती. पुढे पूना हॉर्स या आपल्या रेजिमेंटचे रणगाडे त्या सुरुंगक्षेत्रातूनच पार झाले. दुसऱ्या दिवशी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तिथे पडले. पुण्यात जन्मलेले, वय एकवीस, म्हणजे माझ्याच वयाचे. त्यांना परमवीर चक्र मिळालं. आम्हाला हे सगळं नंतर कळलं. त्या रात्री आमच्यापुढे फक्त एक शक्तिमान होता, गोळ्यांनी भरलेला, पांढऱ्या फितींमधल्या अरुंद वाटेत बंद पडलेला. मागे सगळी रांग अडलेली. बाजूला घ्यावा तर फितीबाहेर सुरुंग.

डिझेल लाइनने हवा घेतली होती. एरवी हे दहा मिनिटांचं काम. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे यायचे थांबले की आवळायचा. पण उजेड करायची बंदी, धुकं आणि थंडी अशी की लोखंडाला बोट चिकटेल. बुडबुडे दिसणार कसे? जोडीदार त्याच्या पातळ पान्याने स्क्रू ढिला करून पंप मारू लागला. मी स्क्रूच्या तोंडावर बोट धरलं. हवा असली की डिझेल बोटावर फुरफुरतं, गुदगुल्या केल्यासारखं. हवा संपली की गुळगुळीत, सलग लागतं. मी डोळे मिटले होते. अंधारात डोळे कशाला मिटले, ते मलाही माहीत नाही. फुरफुर थांबली, मी 'बस' म्हणालो, त्याने आवळला. सेल्फ मारल्यावर इंजिन दोन झटके देऊन लागलं. रांग सरकली. कुणी काही बोललं नाही, बोलायला वेळ नव्हता. त्या रात्री आणखी चार गाड्या केल्या. त्यांतल्या दोन मला आता आठवत नाहीत.

१७ तारखेला रात्री आठला युद्धबंदी झाली. लोकांना वाटतं तिथे संपलं. आमचं काम तेव्हा वाढलं, कारण शेतांत, नाल्यांत अडकलेल्या गाड्या ओढून काढायच्या होत्या आणि सुरुंग होते तिथेच होते. जानेवारीत एका उलटलेल्या ट्रकला वायर रोप लावायला जोडीदार गेला. हुक निसटला म्हणून तो वाकला आणि एक पाऊल मागे टाकलं. मी वीस-बावीस हातांवर विंचपाशी होतो. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्याला स्ट्रेचरवर घालून पाठवलं आणि संध्याकाळी त्याची हत्यारं जमा करताना हा पाना सरकारी यादीत बसेना, म्हणून माझ्या खिशात राहिला.

१९७२ च्या उन्हाळ्यात मला सुट्टी मिळाली. गावी दुष्काळ होता. आबा खडीच्या कामावर जाऊन लोकांच्या पहारींना टोकं काढून देत होते. दोन दिवस राहिलो आणि पुण्याला गेलो, कारण फौजेचं कृत्रिम अवयव केंद्र तिथे आहे आणि जोडीदाराला तिकडे आणल्याचं कळलं होतं. तो दोन दांड्यांना धरून नवा पाय टाकत होता. मी पाना पुढे केला. त्याने हातात घेऊन तोंडावरून अंगठा फिरवला आणि परत दिला. म्हणाला, शक्तिमान तुझ्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. काही वर्षं आमची पोस्टकार्डं चालली. त्याचं घर झालं, मुलगी झाली, एवढं कळलं. मग माझ्या बदल्या झाल्या आणि पत्रं थांबली. ती माझ्याकडून थांबली, हे मला टोचतं.

मेडलं पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल आहेत, तिसरं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं. त्यांना हवं तर फ्रेम कर. पान्याला पॉलिश मारू नकोस, थोडं तेल लावून त्याच कापडात ठेव आणि येताना घेऊन ये. ट्रंकेच्या झाकणाच्या खिशात त्याची पोस्टकार्डं असतील, त्यांवर पत्ता आहे, तीही आण. मला पुन्हा लिहायचं आहे. तो नसेल तर मुलीला लिहीन.

ऐरणीचं असं. ती जमिनीत पुरलेल्या बाभळीच्या ठोकळ्यावर बसवलेली आहे. तिला पहारीने उचकटू नका, कड तुटेल. आधी ठोकळ्याभोवती हातभर खण, मग ठोकळ्यासकट काढ. दोघांना उचलणार नाही, चौघं लागतील, आणि कमरेतून वाकू नका. पडवी पाडायच्या आधी हे कर, पाऊस पडल्यावर माती धरून ठेवते. तुझ्या नव्या घराच्या ओट्यावर मावली नाही तर माझ्या खोलीत खिडकीखाली जागा आहे, मी आजच मोजून ठेवली.

तुझा,
अण्णा