तेढ नेमकी कुठे वाढली?

संपादक महाशय,

रविवारच्या पुरवणीतला वर्णभेदावरचा लेख वाचला. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर उठसूट चर्चा घडवणं हे 'अलीकडचं फॅड' आहे आणि त्यानं तेढ वाढते, हा लेखकमहाशयांचा शोध. अभिनंदन! असली एखादी चर्चा त्यांनी कधी स्वतः बसून ऐकली आहे का, एवढंच विचारायचं होतं.

मी ऐकली आहे. मुलीकडे न्यू जर्सीला गेले असताना, तिथल्या सार्वजनिक वाचनालयात. घडीच्या खुर्च्या, कागदी कपातली कॉफी. ग्रंथपाल बाईंनी नेवार्कचा १९३० च्या दशकातला सरकारी नकाशा भिंतीवर लावला होता. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे इथे घरासाठी कर्ज देणं धोक्याचं. माझ्या शेजारच्या सत्तरी उलटलेल्या कृष्णवर्णीय गृहस्थांनी प्लास्टिकच्या पाकिटातून एक कागद काढला. वडिलांचा लष्करातून सुटल्याचा दाखला. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना घरं घेता यावीत म्हणून १९४४ मध्ये कायदा झाला. हमी सरकारची, पण कर्ज द्यायचं की नाही ते ठरवणार बँक. बँकेनं नाही म्हटलं. समोरच्या गोऱ्या बाई म्हणाल्या, "माझ्या वडिलांकडेही असाच दाखला होता. त्यांना लगेच घर मिळालं. त्या घराच्या जिवावर आम्हा भावंडांची कॉलेजं झाली." गृहस्थ म्हणाले, "आम्ही भाडंच भरत राहिलो." बाईंनी तो कागद मागून घेतला आणि चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलं नाही.

तेढ मला दिसली ती नंतर, तिथल्या आपल्याच मराठी मंडळींच्या पंगतीत. मी हे सगळं सांगत होते, तर एक चिरंजीव श्रीखंड वाढून घेत म्हणाले, "काकू, आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि मेहनतीवर उभे राहिलो. यांना रडायची सवयच आहे." १९४६ च्या कायद्यानं अमेरिकेत स्थायिक व्हायला येणाऱ्या भारतीयांचा वर्षाचा कोटा होता शंभर जणांचा! दार खऱ्या अर्थानं उघडलं ते ऑक्टोबर १९६५ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यानं. त्याच वर्षी मार्चमध्ये मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर या 'रडणाऱ्यां'नी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या. कुणाच्या पुण्याईवर या बॅगा आत गेल्या, हे विचारलं तर विषय थेट ग्रीन कार्डावर गेला.

आणि हे 'अलीकडचं फॅड' कसं हो? कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्येच फेब्रुवारीतला एक आठवडा या इतिहासासाठी राखला. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती तिकडे गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. पुण्यातल्या दैनिकात पानभर लेख येतो आणि त्यात फुले-आंबेडकरांचं नावही नाही! जयंतीला पहिल्या पानावर फोटो छापला की झालं, असंच ना?

जाता जाता, माझं मागचं पत्र आपण निम्मं कापलंत आणि उरलेल्याला 'आजीबाईंची अमेरिकावारी' असं शीर्षक दिलंत. पत्र होतं पीएमपीच्या बसथांब्याबद्दल. या वेळी कापायचंच असेल तर श्रीखंड कापा, दाखला राहू द्या.

आपली (अजूनतरी) वर्गणीदार,
एक वाचक, कोथरूड, पुणे