पोटाच्या जिवाणूंचा बाजार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'पोट सांभाळा, कॅन्सर टाळा' अशा थाटाचा मजकूर हल्ली वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत सर्रास दिसतो आणि शेवटी कुठल्या तरी प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणूंच्या, पुडीचे नाव असते. जिवाणू आणि कर्करोग यांचा संबंध खराच आहे, म्हणून तर हा बाजार जास्त खटकतो.

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीची भाजी यांतला चोथा आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन तेच. सूजही त्याने आटोक्यात राहते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कृष्णवर्णीय अमेरिकनांना दोन आठवडे ग्रामीण दक्षिण आफ्रिकेतले भरपूर चोथ्याचे जेवण दिले आणि तिकडच्यांना अमेरिकी पद्धतीचे, मांस-चरबीचे. अमेरिकनांचे ब्युटिरेट वाढले, आतड्याची सूज उतरली. आफ्रिकनांचे नेमके उलट झाले. पंधरवड्यात कॅन्सर होतही नाही आणि टळतही नाही, पण वारे कुठले हे कळते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितले, की सॉसेज-सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

पुडीने कर्करोग टळतो असे मात्र अजून सिद्ध झालेले नाही. घरचे दही खुशाल खावे, पण औषध म्हणून नव्हे. आणि भाकरी? ती आता हुरडा पार्टीत जादा पैसे मोजून खायची चीज झाली आहे. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांच्या कँटीनवाल्यांनी आठवड्यातून दोनदा भाकरी-उसळ ठेवली तर काय बिघडेल?

आणखी एक. शौचातून रक्त पडले की आपल्याकडे माणूस आधी 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन' अशी पाटी शोधतो आणि मलम लावत महिने काढतो. बहुतेकदा मूळव्याधच निघते, हे खरे. पण तेच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते, म्हणून ते तपासल्यावर ठरवायचे. हे लाजेपोटी कोणी बोलत नाही, म्हणून आपण छापावे.

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर संशोधन झाले आहे. तिथल्या शास्त्रज्ञांकडून एखादी लेखमाला लिहून घ्यावी, आणि पुड्यांच्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द वाचता येईल एवढ्या टायपात छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे