समटरची तोफ आणि सुप्याचं खत

प्रिय दत्ता,

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या चार्ल्सटनहून पाठवलेला फोटो पोचला. तोफेवर हात ठेवून तू असा उभा आहेस, जणू ती तूच डागणार आहेस. पोट मात्र आवर बाबा. खाली तू लिहिलंस, ‘हा फोर्ट समटर. यादवी युद्धाची पहिली तोफ इथे उडाली. आपला काय संबंध म्हणा, पण जागा झकास.’

त्या ‘आपला काय संबंध’नं दोन दिवस डोकं खाल्लं. फोनवर बोललो तर तू मधेच तोडशील, म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं. मी सध्या सुप्यात आहे, मामांकडे. पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे, बारामती तालुक्यातलं. तू एकदा आला होतास, चिंकारा दाखवतो म्हणून उन्हात फिरवलं होतं आणि शेवटी शेळ्याच दिसल्या होत्या.

तर तुझी ती तोफ उडाली 12 एप्रिल 1861 ला. त्या काळी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जायचा. लिंकननं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरची चाकं थांबायला लागली. कापूस आणायचा कुठून? मुंबईकडून. वर्षभरात आपल्या कापसाच्या भावाला पंख फुटले. लोकांनी घरातल्या गाद्या उसवून आतला कापूस विकल्याच्या गोष्टी जुन्या मुंबईकरांनी सांगून ठेवल्या आहेत. परवा मामीनं गादी पिंजायला काढली तेव्हा मला तेच आठवलं. पिंजारी आता धनुकली घेऊन येत नाही, टेम्पोत यंत्र घेऊन येतो. अंगणभर पांढरी लव उडत होती आणि मामी ओरडत होती, ‘अरे, आमटीत पडतंय!’

मुंबईत त्या चार वर्षांत जे झालं ते तू शेअर बाजारात पैसे घालवलेला माणूस म्हणून नीट समजशील. प्रेमचंद रायचंद हे त्या खेळातले सर्वांत मोठे शेठ. समुद्रात भर घालून जमीन काढायची म्हणून बॅक बेची कंपनी निघाली, तिचा पाच हजारांचा शेअर दसपट भावाला गेला. भर पडायची बाकी होती, म्हणजे लोक चक्क पाण्याचे भाव करत होते. त्याच सुमाराला गव्हर्नर फ्रेअरनं कोटाच्या भिंती पाडायला घेतल्या, शहर बाहेर सांडलं. आजची फोर्टची ऐट त्या काळापासूनची. राजाबाई टॉवरला प्रेमचंदांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं, हे तुला ठाऊक आहेच. कॉलेजात असताना त्या घड्याळाखाली तू मला दीड तास ताटकळत ठेवलं होतंस, तेही मी विसरलेलो नाही.

9 एप्रिल 1865 ला दक्षिणेच्या जनरल लीनं शस्त्रं खाली ठेवली, युद्ध संपलं म्हणून कापसाचा भाव कोसळला. गंमत बघ, तेजीची खबर बोटीनं, आठवड्यांचा प्रवास करून आली होती. मंदी आली तोवर इराणच्या आखातातून कराचीपर्यंत तार पोचली होती. वायद्यांची देणीघेणी मिटवायची तारीख होती 1 जुलै. त्या दिवशी मुंबईत कोण बुडालं यापेक्षा कोण वाचलं ते मोजणं सोपं होतं. प्रेमचंदही बुडाले, पुढे बाँबे बँकही बुडाली.

इथवरची गोष्ट पुस्तकांत सापडते, मुंबईचं कौतुक करताना लोक ती चवीनं सांगतात. मला सांगायचंय ते घाटाच्या वर काय झालं ते.

तेजीत पैसा मुंबईच्या व्यापाऱ्याकडून शहरातल्या सावकाराकडे, तिथून गावच्या सावकाराकडे, असा उतरत आला. कापूस लावतो म्हणाल तर काही ठिकाणी एकरी शंभर रुपये उचल मिळे. आमच्या या जिरायत पट्ट्यात कापूस किती होता यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला वाटतं, वाद कापसापुरता आहे. पैसा इतर वाटांनीही आलाच होता. पुण्याहून सोलापूरकडे रूळ 1860 पर्यंत गेले होते, बोरघाटाचं काम 1863 ला संपलं. मातीकाम, खडी, गाडीभाडं, बैल असलेल्या माणसाला दोन पैसे दिसत होते. मग रेल्वे पुरी झाली आणि तिनं गाडीवाल्यांचं आणि लमाणांच्या तांड्यांचं भाडंच खाल्लं. कापसाचा भाव पडला तसा सावकारानं हात आखडला. आणि नेमकं 1867 पासून सरकारनं तीस वर्षांची जुनी जमाबंदी बदलायला घेतली. काही गावांत शेतसारा निम्म्यानं वाढला, काही ठिकाणी त्याहून जास्त. तेजीतले भाव बघून ठरवलेला सारा मंदीत भरायचा!

त्यावर कायदा. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखत तीनच वर्षं चालायचं. हेतू चांगला होता, व्याज साचू नये म्हणून. सावकारानं तो उलटा फिरवला. तीन वर्षं झाली की जुन्या खताचं मुद्दल-व्याज एक करून नवं खत लिहायचं, आणि त्या सगळ्या रकमेवर पुन्हा व्याज.

हे मी वाचलं होतं, पण परवा हातात धरलं. मामांच्या माळवदावर पत्र्याची पेटी आहे, आजोबांच्याही आधीची. तिच्यात मोडीतले कागद. पुण्यातले एक मोडी वाचणारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे एक घेऊन गेलो. शके 1793, म्हणजे 1871 चं खत निघालं. त्यांनी भिंग लावून सावकाश वाचलं: मागील खताचे साठ, त्यावर दरमहा शेकडा दोनप्रमाणे तीन वर्षांचं व्याज, एकूण एकशे तीन रुपये, ‘रोख पावलो’. रोख एक दमडीही मिळालेली नाही, पण पावलो! खाली सही नाही, नांगराची निशाणी. आपल्याकडे कुणबी सहीच्या जागी नांगर काढत. तो नांगर थोडा वाकडा आहे, टाक धरायची सवय नसलेल्या हाताचा. मी बराच वेळ त्याच्याकडेच बघत होतो. तीन वर्षांनी हे खत पुन्हा फिरवलं असतं तर रक्कम पावणेदोनशेच्या पुढे गेली असती.

1874 च्या अखेरीला शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी येईना, पाणी भरायला माणूस मिळेना. आणि 12 मे 1875 ला इथे सुप्यात आसपासच्या गावांतले लोक जमले, सावकारांची घरं-दुकानं फोडली, खतं आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. मारामारी फारशी झाली नाही, त्यांना हवे होते कागद. मग पुणे-नगरच्या गावांत ते पसरलं, चौकशी आयोग बसला आणि 1879 ला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. त्यानंतर कर्जापायी कुणब्याला तुरुंगात टाकणं बंद झालं आणि न्यायाधीश खताच्या मागचा खरा हिशोब बघू लागला.

या मधेच 1873 ला जोतीरावांची ‘गुलामगिरी’ छापून आली. ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मोकळं केलं म्हणून. तुझ्या त्या युद्धाचं इतकं मोठं ऋण पुण्यातल्या एका माणसानं मानलं, आणि पुण्यापासून बैलगाडीच्या वाटेवर त्याच युद्धानं वाढवलेलं कर्ज लोक उरावर घेऊन बसले होते. लिंकन चांगला की वाईट हा प्रश्न इथे लावताच येत नाही. नांगर काढणाऱ्याला त्याचं नावही ठाऊक नसणार.

आता खरी गंमत. मी मामांना खत वाचून दाखवलं. मामा म्हणाले, ‘फिटलं का ते आधी बघ.’ मोडीवाल्या गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, फिटलं असतं तर पाठीमागे भरणा पावल्याची नोंद असती. तुमच्या कागदाची पाठ कोरी आहे. आणि न फिटलेलं खत सावकाराच्या घरी असतं.

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. ‘मग आपल्या पेटीत कसं आलं?’

मी खतावरच्या शकाकडे बोट दाखवलं, ‘यानंतर चारच वर्षांनी गावात काय झालं?’ मामा थोडा वेळ गप्प, आणि मग असे हसले की मामी गादी सोडून आत बघायला आली.

दिवाळीत येशील तेव्हा कागद दाखवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या