सरावात कुणालाही हरवू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू स्पर्धेसाठी स्केटच्या चाकांचं विचारलंस आणि मी बेअरिंगवर बोलत बसलो. तेवढ्यात तुमची बस आली. राहिलेलं लिहून पाठवतोय. कोच वेगळं सांगतील तर अर्थात त्यांचं ऐक.

उद्या ट्रॅक मिळणार जेमतेम अर्धा तास. पहिल्या पाच फेऱ्या जोर लावूच नकोस. लांबी तीच २०० मीटर असली तरी वळणातल्या बँकिंगचा चढ कुठे सुरू होतो, वळणात किती वर जायचं आणि खाली कधी उतरायचं, हे आधी पायांना कळू दे. क्रॉसओव्हरमध्ये, वळणात पायावरून पाय टाकताना, डाव्या पायाचा धक्का पुरा होतोय ना, तेवढं बघ. दमलीस की तोच पाय आधी कामचुकारपणा करतो!

चाकं नेहमीचीच ११० मिमीची लाव. सटकायला लागली की घाबरून सगळा सेट बदलू नकोस. दोन चाकं मऊ घालून फेरी मारून बघ. मऊ चाक धरतं, पण वेग खातं. आणि तुमचा सराव दुपारचा, हीट म्हणजे प्राथमिक शर्यत रात्रीची. उन्हात धरलेलं चाक ट्रॅक गार झाल्यावर सटकू शकतं. बोल्ट मात्र स्वतःच्या हाताने तपास. एकदा ते काम माझ्याकडे होतं आणि ऐन स्टार्टला तुझं चाक डगडगलं. तू म्हणतेस विसरलीस. मी नाही विसरलो.

आता खरं सांगायचं ते. कोलंबियाच्या मुली उद्या तुझ्या शेजारून सुसाट जातील. जाऊ दे. गेल्या खेपेला तू त्यांच्या मागे लागलीस, सरावात भाव खाल्लास आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच हीटला पाय भरून आले. आपल्या भारताच्या आनंदकुमार वेलकुमारचं १:२४.९२४ तू कपाटावर चिकटवलं आहेस ना? २०२५ मध्ये चीनमधल्या बेइदाइहेला त्याला १००० मीटरचं जगज्जेतेपद मिळवून दिलं त्या वेळेने. ती वेळ शर्यतीतली आहे, सरावातली नव्हे. त्या मुलींना बघायचंच असेल तर स्केट काढून कठड्यापाशी उभी राहा आणि वळणात शिरताना त्या किती खाली बसतात ते बघ.

शेवटची पाच मिनिटं रेषेसाठी ठेव. फिनिशला पुढे सारलेला पाय कामाला येतो, पण एलिमिनेशनला, जिथे सगळ्यात मागचा बाद होत जातो, पंच बघतात मागच्या स्केटचं शेवटचं चाक. पुढचा पाय लांबवून मागचा रेषेअलीकडे रेंगाळला की गेलीस बाहेर. दोन्ही पाय पार नेण्याची सवय तुला अजून लागलेली नाही, हे तुलाही माहीत आहे.

रात्री चाकं पुसून ठेव आणि लवकर झोप. फोन नाही केलास तरी चालेल. आई शेजारून म्हणतेय, चालणार नाही.

तुझा,
बाबा