प्रवाळांवरचा दरोडा धक्क्यावरच अडवा

महोदय,

बेकायदा मासेमारीत फक्त मासे चोरीला जातात, असा समज आहे. प्रवाळांच्या खडकावर मात्र माशांचे घरच पाडले जाते. बाटलीत ठासलेली स्फोटके पाण्यात फुटली, की मेलेले थोडे मासे वर तरंगतात, बरेचसे बुडून वाया जातात. तळाशी उरतो प्रवाळांचा चुरा. लाटांबरोबर हलणाऱ्या त्या चुऱ्यावर नवे प्रवाळ रुजत नाही. मोठे, गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. म्हणजे भरपाईचा हिशेब शतकांचा. शोभेचे मासे गुंगवून जिवंत पकडण्यासाठी सायनाइड हे विष फवारतात, ते वेगळेच. (काचेच्या पेटीतला देखणा मासा आला कुठून, हे विचारतो कोण?)

समुद्रभर गस्त घालणे कोणालाच शक्य नाही. पण मासळी कधीतरी धक्क्याला लागतेच. संशयित परदेशी जहाजांची बंदरातच तपासणी करून त्यांना माल उतरवू न देण्याचा आंतरराष्ट्रीय करार २०१६ पासून लागू आहे. त्यासाठी प्रत्येक धक्क्यावर निरीक्षक किती नेमले, हे करारात सामील सरकारांनी जाहीर करावे. छोट्या होडीवाल्याला दंड आणि बड्या ट्रॉलरला सलाम, हा प्रकार आता पुरे.

— एक वाचक