कुंकवाच्या डबीतला खडा

नागपूर, शुक्रवार

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर चिडलास, ते बरोबरच होतं. ऑपरेशन झाल्यावर कळवलं, चूक आमचीच. पण तुझी नोकरी नवीन, आणि थायरॉइडची साधी गाठ तर काढायची होती. आवाज अजून घोगरा आहे, म्हणून लिहून कळवते.

गळा उघडल्यावर डॉक्टरांना भलतंच दिसलं. थायरॉइडच्या मागे पॅराथायरॉइडच्या चार ग्रंथी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या. माझ्या दोन वाढलेल्या, त्यातली एक हरभऱ्याएवढी. दोन्ही काढल्या. रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं त्यांचं काम. त्या बिघडल्या की हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढतात. घरी आल्यावर बाबांनी जुनी फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीच रक्तातलं कॅल्शियम ११.२ होतं, हवं १०.५ च्या आत. कुणी बघितलंच नाही. माझा थकवा, पाठदुखी, सगळं आपण वयावर ढकललं.

तू एकदा कॅल्शियम तपासून घे बाळा.

बारावीच्या त्या मे महिन्यात रात्री दोनला तू पोट धरून लोळत होतास. बाबांची स्कूटर, मध्ये तू, मागे मी, महालातून थेट धंतोलीच्या दवाखान्यात. मुतखडा पडला तेव्हा सगळे म्हणाले, नागपूरचं ऊन, पोरगा पाणी पीत नाही. मीही तुलाच रागावले. तो खडा माझ्या जुन्या कुंकवाच्या डबीत आहे. काल उघडून बघितला, बाजरीएवढा, काटेरी. एवढ्याशा खड्याने तू किती ओरडला होतास! कॅल्शियम वाढलं की मुतखडे होतात म्हणे. मी तुला उगाच बोलले का रे?

बहुतेकांना हे आईबापाकडून येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण एकाहून जास्त ग्रंथी वाढलेल्या, त्यात मुलाला इतक्या लहान वयात खडा, म्हणून तुझं रक्त बघा म्हणाले. ताईचं झालं, ९.४ आलं. राहिलास तू.

आणि ती जागरणं कमी कर. रात्री बाराला जेवायचं, दिवसभर चहावर काढायचं, हे काय वागणं आहे? जाऊ दे, लिहायचं नव्हतं हे. एकटा राहून सगळं निभावतोस, बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात.

माझी काळजी नको. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, कॅल्शियम एकदम उतरल्यामुळे. गोळ्या सुरू आहेत. काल अर्धी पोळी वरणात कुस्करून खाल्ली.

सोमवारी कामावर जायच्या आधी, उपाशीपोटी जा. कॅल्शियम आणि पीटीएच (या ग्रंथींचं हार्मोन), दोन्ही सांग. आकडा बाबांच्या फोनवर टाक, ते मला वाचून दाखवतील.

तुझी आई