खर्चाच्या वाटेत थोडा अडसर हवा

महोदय,

तरुण नोकरदारांच्या वाढत्या कर्जबाजारीपणाची चर्चा सध्या सर्वत्र होत आहे. तिच्यात चैनीची हौस, दिखाऊपणा आणि हप्त्यांची सहज उपलब्धता ही कारणे सांगितली जातात. ती खरीच आहेत. परंतु सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला आणखी एक कारण दिसते आणि त्याचा उल्लेख कोठेच येत नाही, म्हणून हे पत्र. एडीएचडी हा मेंदूच्या जडणघडणीशी निगडित असलेला, अवधान आणि आवेगावरील ताबा यांचा विकार आपल्याकडे वर्गात स्वस्थ न बसणाऱ्या मुलांपुरताच समजला जातो. प्रत्यक्षात तो अनेकांच्या बाबतीत मोठेपणीही टिकून राहतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत प्रौढांमधील त्याचे प्रमाण साधारण अडीच ते तीन टक्के आढळले आहे. आपल्या जिल्ह्यात मात्र अशा माणसाला डॉक्टरांची चिठ्ठी मिळण्याच्या कितीतरी आधी 'उधळ्या' आणि 'बेजबाबदार' ही विशेषणे मिळालेली असतात.

माझ्या बहिणीच्या मुलाला तिशी ओलांडल्यावर हे निदान झाले. तो कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कामाला आहे, हिशेबात हुशार आहे आणि चक्रवाढ व्याज कसे वाढते हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. अडचण ज्ञानाची नाहीच. महिनाअखेरचे विजेचे बिल, मार्चमधला विम्याचा हप्ता, मुलीची पुढच्या वर्षीची फी या गोष्टी त्याच्या मनात असतात, पण पुसट असतात. समोरच्या पडद्यावरची वस्तू मात्र त्या क्षणी जिवंत असते. दूरच्या लाभापेक्षा हाताशी असलेला लाभ मोठा वाटणे हा सर्वांचाच स्वभाव, परंतु एडीएचडी असलेल्यांमध्ये ही ओढ सरासरीने अधिक तीव्र असते, हे संशोधनात वारंवार दिसून आले आहे. त्यात खात्यात किती शिल्लक आहे ही बाब लक्षात धरून ठेवण्याची क्षमता कमी पडते आणि कंटाळा सहन होत नाही. मग बिलाची तारीख चुकते, विलंब शुल्क लागते, आणि त्या शरमेपोटी पुढचे विवरणपत्र उघडलेच जात नाही. क्रेडिट कार्डाची केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास उरलेल्या रकमेवर दरमहा तीन-साडेतीन टक्के व्याज चढते आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते, हे ठाऊक असलेला माणूसच त्यात अडकतो, याचे नवल घरच्यांना वाटते. मला आता वाटत नाही.

अर्थात प्रत्येक उधळपट्टीमागे हा विकार असतो, असे मुळीच नाही. निदानासाठी काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. अचानक सुरू झालेला बेसुमार खर्च हे द्विध्रुवी (बायपोलर) विकारातील उन्मादाचेही लक्षण असू शकते, त्यामुळे मोबाइलवरची प्रश्नावली भरून स्वतःच निष्कर्ष काढू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. मानसिक आरोग्याविषयी फोनवर मदत देणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

परंतु माझा मुख्य मुद्दा बँकांविषयी आहे. काटकसरीचा आपला सगळा उपदेश 'थांबून विचार करा' या एका वाक्यात मावतो आणि ज्याची थांबण्याची क्षमताच मुळात दुबळी आहे, त्याला तो निरुपयोगी ठरतो. त्याच्यासाठी थांबा माणसात नव्हे, व्यवहाराच्या वाटेत असावा लागतो. पूर्वी तो आपोआप असे. स्लिप भरा, रांगेत उभे राहा, टोकन घ्या, रोखपालाने पुकारा केला की पैसे घ्या. एवढ्या वेळात निम्मे मोह ओसरत. २०१६मध्ये यूपीआय आले आणि ही वाट काही सेकंदांची झाली. यूपीआय लाइटमध्ये तर छोट्या रकमेला पिनही लागत नाही. कार्डाचा तपशील खरेदीच्या अॅपवर साठवलेला असतो आणि 'शेवटच्या काही मिनिटांसाठी' अशी खोटी घाई दाखवणारी जाहिरात समोर असते. अशी खोटी निकड, न मागता टोपलीत घातलेली वस्तू, बंदच न होणारी वर्गणी अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मनाई केली आहे. त्या थांबल्या आहेत, असे मात्र कोणतेही अॅप उघडल्यावर म्हणवत नाही.

काही चांगले नियम आजही आहेत, पण बँकेच्या काउंटरवर ते कोणी समजावून सांगत नाही. कार्डावरील ऑनलाइन व्यवहार ग्राहकाला स्वतः बंद करता येतात आणि त्यांची मर्यादा ठरवता येते. क्रेडिट कार्डाच्या बिलाचे चक्र बदलून मागता येते, म्हणजे भरणा पगारानंतर लगेच येईल असे करता येते. देय तारीख उलटून तीन दिवसांहून अधिक काळ गेल्याखेरीज विलंब शुल्क आकारता येत नाही. डिजिटल कर्ज घेतल्यावर दंडाशिवाय ते परत करण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी लागते. आवेगात घेतलेल्या कर्जासाठी याहून उपयोगी तरतूद नाही.

तरीही एक मोठी उणीव राहते. मर्यादा कमी करणारा ग्राहक त्याच अॅपवर दुसऱ्या मिनिटाला ती वाढवू शकतो; कुलूप आणि किल्ली एकाच हातात. माझी सूचना एवढीच आहे की, ज्या ग्राहकाने लेखी मागणी केली असेल, त्याच्या खात्यावरील मर्यादा कमी झाली तर तत्काळ आणि वाढली तर चोवीस तासांनी लागू व्हावी. यात तांत्रिक अडचण असल्याचे कोणी सांगू नये. नवा लाभार्थी जोडल्यावर अनेक बँका काही तास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. यूपीआयची नव्याने नोंदणी केल्यावर पहिले चोवीस तास मर्यादा पाच हजारांची असते. चोरापासून रक्षणासाठी जो विलंब चालतो, तो ग्राहकाने स्वतःहून मागितल्यास का चालू नये? ब्रिटनमधील काही बँका ग्राहकाच्या विनंतीवरून जुगाराचे व्यवहार रोखतात आणि ती बंदी उठवण्यासाठी त्याला ठरावीक काळ थांबायला लावतात.

तोपर्यंत माझ्या भाच्याने आपल्यापुरती वाट काढली आहे. पगार एका खात्यात येतो, ते खाते यूपीआयला जोडलेले नाही. दर सोमवारी तेथून ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाते आणि फोनवर फक्त ते दुसरे खाते आहे. विजेचे बिल आणि हप्ते पहिल्याच खात्यातून परस्पर वळते होतात. शिवाय एका सहकारी बँकेची पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम भरायची ठेव, आहे. १९२८मध्ये उडुपीच्या बाजूला सुरू झालेली ही ठेव गणपती पेठेतील व्यापाऱ्यांना नवी नाही, पण दारात रोज येणारा प्रतिनिधी म्हणजे एडीएचडी असलेल्या माणसाला हवी असलेली बाहेरची आठवणच होय, हे मला त्याच्याकडे पाहून कळले. मुदतीआधी मोडल्यास व्याज बुडते, हा तिचा दोष येथे गुण ठरतो. मात्र पिग्मी पतसंस्थेची असेल, तर बँकेतील ठेवीला मिळणारे पाच लाखांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षण तिला नसते, हे पाहूनच पैसे ठेवावेत.

घरच्यांनी एटीएम कार्ड काढून घेणे, सगळ्यांसमोर हिशेब मागणे हे उपाय मी जवळून पाहिले आहेत. त्यांतून लपवालपवी वाढते, खर्च कमी होत नाही. मोठ्या खरेदीआधी एका माणसाला फोन करायचा, तो माणूस कोण हे त्यानेच ठरवायचे, आणि त्या माणसाने रागवायचे नाही, एवढे जमले तरी पुष्कळ.

आपल्या जिल्ह्यातील सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. मोबाइल बँकिंगमध्ये वरील विलंबाची सोय द्यावी, असा प्रश्न सभासदांनी सभेआधी लेखी द्यावा. मी माझ्या बँकेकडे देणार आहे.

आपला,
एक निवृत्त सहकारी बँक अधिकारी,
विश्रामबाग, सांगली